दम गेला तेव्हा

आमच्या गावात पळणाऱ्याचा दम गेला, की त्याला काय झालं म्हणून कुणी विचारायचं नाही. दम देवाचा. त्यानं दिला, त्यानं नेला. माणसं दोन दिवस हळहळायची आणि तिसऱ्या दिवशी नवीन पळणारा शोधायला लागायची. माझा दम गेला तेव्हा मी बाविशीच्या आसपास होतो.

आता म्हातारपणी अधूनमधून कुणीतरी माझ्याकडे येतं. कुणाची सून पाणी भरता भरता बसकण मारते, कुणाचा पोरगा शाळेच्या मैदानावर सगळ्यांच्या मागे राहायला लागतो. म्हणतात, काका, अंगात काही उरलं न्हाई, अन् काहून ते कळंना. मी काही डाक्टर नाही. चार बुकं शिकलो, ती पण निजामाच्या शाळेत, उर्दूतून. तेव्हा माझ्या ऱ्हस्व-दीर्घाकडं कुणी बघू नये. मला जे झालं तेवढं सांगतो.

पहिलं पाणी

आमचं गाव कयाधूच्या काठाला, सेनगावच्या अंगाला. रझाकारांची धामधूम सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. चैत्रात माळावरच्या महादेवाची जत्रा भरायची. आसपासच्या गावांतून एकेक पळणारा यायचा, नदीत चंबू भरायचा, चंबूच्या तोंडाला फडकं बांधायचा आणि माळ चढून देवळापर्यंत पळायचा. तीन कोस सहज भरतात. ज्याचा चंबू आधी पोचेल त्याच्या गावाचं पाणी पिंडीवर पहिलं पडायचं. पहिलं पाणी ज्या गावाचं, त्या गावावर पाऊस रुसत नाही असा समज. म्हणजे बघा, सगळ्या गावाचं पीकपाणी एका पोराच्या दोन पायांवर.

म्हणून गाव त्या पोराला जपायचं. रोज एका घरचं दूध पळणाऱ्याला जायचं, पाळी लावलेली असायची. त्याला मोटेवर जुंपायचं नाही, ओझं द्यायचं नाही. दम आहे तोवर त्याचं लग्न करायचं नाही. आणि पायात कातडं घालायचं नाही, कारण ते पाय देवाचं पाणी नेणारे. मी चार चैत्र पहिलं पाणी नेलं. खोटं कशाला बोलू, माज होता मला. रस्त्यानं चाललो की बायका लेकरांना सांगायच्या, तो बघ नामा पळणारा.

आम्हाला तयार करायचे हरबा वस्ताद. एके काळी तेही पळणारे होते. त्यांचा दमही असाच भर ज्वानीत गेला आणि मग त्यांनी दुसऱ्यांना शिकवण्यात जन्म घातला. त्यांची शिस्त एकच. भल्या पहाटे पांदीत पळायचं. आमची पांदण म्हणजे गावातून नदीकडं उतरणारी, दोन्ही बाजूंनी दाट झाडी असलेली वाट. खालून पाणी झिरपायचं, वर ऊन पोचायचं नाही, त्यामुळं बारा महिने मऊ ओल. वस्ताद म्हणायचे, "माळावर पळशीन तर टाचा फुटतेत. पांदीत पळ. मऊ मातीत ताकद लागती, मग माळावर पाय आपसूक उचलत्यात."

ते खरंही वाटायचं. मी रोज पहाटे त्या ओल्या मातीत घोट्यापर्यंत पाय घालून पळायचो, आणि उजाडेपर्यंत घामानं निथळून घरी यायचो.

आळस

पाचव्या साली पावसाळ्यात सुरुवात झाली. आधी पायांना खाज सुटली. बोटांच्या बेचक्यात, तळव्यांच्या कडेला बारीक पुरळ. चिखल्या म्हणून मायनं मेंदी थापली. चिखल्या कुणाला होत नाहीत पावसाळ्यात. दरवर्षीच व्हायच्या.

दिवाळीला पांदीच्या चढावर एकदा थांबावं लागलं. छातीत नुसती धडधड. मी इकडंतिकडं बघितलं, कुणी पाहिलं नाही ना म्हणून. मग रोजच थांबायला लागलो. आधी चढावर, मग सपाटीवर, मग पळायला लागल्या लागल्या. मांड्या दगडासारख्या जड. कानात आपलंच रक्त वाजायचं. ताप नाही, खोकला नाही, कुठं दुखत नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं. बोट ठेवून दाखवता आलं असतं.

वस्तादांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाले, "नाम्या, दूध जास्त होऊन राहिलं तुला. आळस चढला. उद्यापून दोन फेऱ्या जास्त."

मी दोन फेऱ्या जास्त मारल्या. मग आणखी दोन. सांगितलेलं करण्यात मी कधी कसर ठेवली नाही. पण जितका पळायचो तितका खचत चाललो. आधी वाटलं नजर लागली, मायनं मीठ-मोहऱ्या उतरल्या. मग वाटलं देवाचं काही चुकलं, सोमवार धरले. शेवटी वाटायला लागलं, आपण खरंच आळशी आहोत आणि आपल्यालाच ते माहीत नाही. या विचारानं माणूस आतून फार एकटा पडतो. आपलाच आपल्यावर भरवसा उरत नाही.

त्या चैत्रात मी माळाच्या अर्ध्यात बसलो. चंबू धरून बसलो, पाणी सांडू दिलं नाही एवढंच. बाकीच्या गावांचे पळणारे बाजूनं निघून गेले. त्यांच्यातला एक थांबून म्हणाला, "तकलीफ होऊन राहिली का रे?" मी मान हलवली आणि तो गेला. आमच्या गावचं एक माणूस जवळ आलं नाही.

पुढच्या सोमवारी पाराजवळ सगळे जमले. पळणाऱ्याच्या पायात गावानं दिलेला चांदीचा तोडा असतो. ज्याचा दम गेला त्यानं आपल्या हातानं तो नव्याच्या पायात घालायचा, अशी रीत. माझ्या पायात तो किसननं घातला होता. किसन माझ्या आधीचा पळणारा, त्याचा दमही तिशीच्या आत गेला आणि नंतर दोन-तीन वर्षांत पांढरा फटक पडून तो वारलाही. मी तोडा काढून सटवाच्या पायात घातला. सटवा सोळा-सतरा वर्षांचा, हरणासारखा पोरगा. तो माझ्याकडं बघेना, मी त्याच्याकडं बघेना. वस्ताद म्हणाले, "वाईट नको वाटून घेऊ. माझं बी असंच झालं. देवाचा दम देव नेतो."

दुधाची पाळी सटवाच्या घरी गेली. तसं ते आधीच पातळ व्हायला लागलं होतं.

माती

आता एक गोष्ट सांगतो, ती सांगायला मला अजून लाज वाटते. मला माती खावीशी वाटायला लागली.

भिंत नवी सारवली की त्या वासानं जीव कासावीस व्हायचा. मी कोपऱ्यात बसून नखानं पोपडे काढायचो आणि तोंडात टाकायचो. बाविशीतला गडी, गावचं पाणी नेलेला, आणि भिंत चाटून राहिला. एकदा मायनं धरलं. आधी हसली ती. म्हणाली, "डोहाळे लागले का रे तुला?" मग माझ्या ओठांची माती पदरानं पुसता पुसता रडायला लागली. मी तिला म्हणालो, कुणाला सांगू नको. तिनं सांगितलं नाही.

वैदूनं पांढरी कावीळ सांगितली. पोटावर डाग दिले. तेल बंद, तिखट बंद, गूळ बंद. ताक आणि कण्या. डाग चिघळले, आणि मी आणखी वाळलो. मग सेनगावच्या बाजारातून कुणीतरी शब्द आणला, क्षय.

तो शब्द घरात आला आणि घर बदललं. वडील गेल्यापासून घर माझा थोरला भाऊ बघायचा. सरळ माणूस, बोलायला कमी. त्याची दोन लेकरं लहान होती. एके दिवशी तो माझ्याजवळ येऊन बसला, दावं वळता वळता म्हणाला, "नामा, थोडे दिवस आखाड्यावर राहतोस का? हवा चांगली ए तिथं."

आमच्याकडं शेतातल्या गोठ्याला आखाडा म्हणतात. मी म्हणालो, राहतो. तो काय वाईट माणूस होता का? लेकरांचा बाप होता. पण रात्री झोपताना वहिनीनं माझा ताट-तांब्या वेगळा बांधून ठेवलेला मी बघितला, आणि आतून काहीतरी तुटलं ते तुटलंच.

आखाड्यावर

आजारी माणसाला सगळ्यात जास्त काय लागतं हे मला आखाड्यावर कळलं. औषध नाही, दूध नाही. कुणीतरी जवळ बसून त्याच्याशी इकडचं तिकडचं बोलावं, आजाराचं सोडून. ज्वारी कशी आली, कुणाची म्हैस व्याली, कुणाचं भांडण झालं. ते मिळत नाही. माणसं येतात ती लांबून विचारतात, कसं ए आता, आणि उत्तर ऐकायच्या आत निघतात.

माय रोज भाकरी घेऊन यायची. बांधावर ठेवायची आणि जरा लांब बसायची. वहिनीनं तिला तशी शपथ घातली होती. मी जेवेपर्यंत ती बोलत राहायची आणि मी तिचं बोलणं पुरवून पुरवून ऐकायचो. ती गेली की मग उद्यापर्यंत दोन बैल आणि मी. बैलांशी तरी किती बोलणार?

पहाटे सटवाचं पळणं ऐकू यायचं. पांदण आखाड्यापासून लांब नव्हती. तोड्याचा आवाज यायचा आणि वस्तादांची हाक. मी पडल्या पडल्या मनात त्याच्याबरोबर पळायचो. आता वळण आलं, आता चढ, आता पाण्याजवळचा चिखल. तेवढ्यानंही मला धाप लागायची. खरं सांगतो, त्या दिवसांत मला मरणाची भीती वाटायची नाही. पुन्हा कधी पळता येणार नाही, या एकाच गोष्टीची भीती वाटायची. माझ्याजवळ दुसरं होतं काय?

कापूस वेचणीच्या दिवसांत एकदा विहिरीवर बादली ओढता ओढता डोळ्यांपुढं अंधारी आली आणि मी काठावर पडलो. आत पडलो नाही ते नशीब. माय आली तेव्हा मी तिथंच पडलेलो. त्या दिवशी ती लांब बसली नाही. माझं डोकं मांडीवर घेतलं आणि भावाला बोलावणं धाडलं. तो आल्यावर म्हणाली, "याला हिंगोलीला ने. क्षय असंल तर क्षय म्हणू दे. पण बघून म्हणू दे कुणीतरी. न बघताच समदे बोलून राहिले."

काडेपेटी

कापसाच्या गाडीत, बोचक्यांवर झोपून मी हिंगोलीला गेलो. भावानं मला दवाखान्याच्या दाराशी उतरवलं. बाजारात गाडी लावायला उशीर होत होता म्हणून तो पुढं गेला, संध्याकाळी येतो म्हणून. मी रांगेत बसलो. बसलेल्या माणसांत सगळ्यांच्या बरोबर कुणीतरी होतं.

डाक्टर मुसलमान होते. जाडजूड, डोळ्यांवर चष्मा, बोलणं आपल्या दखनी वळणाचं. मी खाली बघत म्हणालो, "साब, क्षय ए म्हणत्यात."

"कौन बोलते?"

"गावातले."

"गावातले डाक्टर है क्या सब?"

त्यांनी माझी पापणी खाली ओढली. नखं बघितली. छातीला नळी लावली, पोट दाबलं, डाग बघून तोंडातल्या तोंडात कुणाला तरी शिवी दिली. मग विचारलं, काम काय करतोस. मी म्हणालो, पळतो. म्हणजे पळायचो. त्यांनी नळी खाली ठेवली. कुठं पळायचास, कधी, पायात काय, सगळं विचारलं. मी पांदीचं सांगितलं.

"सवेरे सवेरे? और उस पांदी में सवेरे गाँव के लोगां क्या करने जाते?"

कंपाउंडर हसायला लागला. आता तुम्हाला काय सांगायचं, अख्खा गाव तांब्या घेऊन पांदीतच जायचा. आडोसा तेवढाच. आम्ही चुकवून चुकवून पळायचो, पण अंधारात आणि चिखलात काय चुकतंय.

"तुम उसीच में दौड़ते? नंगे पाँव? कितने बरस?"

मग त्यांनी कंपाउंडरला एक रिकामी काडेपेटी आणायला सांगितली आणि ती माझ्या हातात दिली. सकाळी यात भरून आण म्हणाले. काय भरून आणायचं ते मला कळेना. कंपाउंडरनं कानात सांगितलं. मला वाटलं हा थट्टा करतोय. देवाच्या पिंडीवर पाणी घालणारा मी, आणि आता हे काडेपेटीत घालून बाजारातून मिरवत न्यायचं. रात्र बाजारात भावाच्या गाडीखाली काढून दुसऱ्या दिवशी ती काडेपेटी फडक्यात, फडकं मुंडाशात असं गुंडाळून मी नेली, आणि रस्त्यात प्रत्येक माणूस आपल्याकडंच बघतोय असं वाटत राहिलं.

दुपारी डाक्टरांनी बोलावलं. टेबलावर एक उभी दुर्बीण होती. म्हणाले, डोळा लाव. मला आत काहीतरी गोल गोल, पारदर्शक दिसलं, मधे ठिपके.

"अंडे हैं," ते म्हणाले. "पेट में बारीक कीड़े हैं तुम्हारे, धागे के माफिक. आँतों को चिपक के खून पीते. टीबी-फीबी कुछ नै."

"जंत?" मी म्हणालो. "जंत तर लेकरांना होत्यात."

"ये दूसरे. ये पाँव से आते. गीली मिट्टी में रहते, नंगा पाँव मिला के अंदर."

पायातून पोटात. मला पटेना. पण मग त्यांनी विचारलं, पाँव को खुजली आती थी? आणि मिट्टी खाते? हे दुसरं विचारलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मायशिवाय ते कुणालाच माहीत नव्हतं. मी मान हलवली. त्यांनी हसून पाठीवर थाप मारली, म्हणाले, सब खाते, शरम की बात नै. खून माँगता है बदन.

मी तिथंच रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो. क्षय नाही म्हणून नव्हे. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं की मी आळशी नव्हतो.

खाट

दवाखान्यात बरेच दिवस काढले. रोज सकाळी खाटांवरच्या चादरी झटकायच्या, मग डाक्टरांची फेरी, मग औषध. किड्यांचं औषध दिलं त्या दिवशी उपास, वर मिठाचा जुलाब. खोली गरगर फिरायची. असं थांबून थांबून तीन-चारदा. आणि रोज लोखंडाचं एक काळं पाणी, प्यायलं की दात काळे. मला वाटायचं आता काय गंज चढतोय का पोटाला.

घरचं कुणी फिरकलं नाही. कापसाचे दिवस, गाडी मोकळी नाही, मला सगळं समजत होतं. समजतं म्हणून काही कमी लागत नाही. शेजारच्या खाटेवर तांड्यावरचा एक म्हातारा होता, पाय मोडून पडलेला. त्याच्याकडं मात्र रोज अर्धा तांडा यायचा. सुना, नातवंडं, आरशांची काचोळी घातलेली त्याची म्हातारी. सगळे एकदम बोलायचे. मी भिंतीकडं तोंड करून पडायचो.

एकदा म्हाताऱ्यानं भाकरी मोडली, त्यावर लसणाची चटणी घातली आणि हात माझ्याकडं केला. मी म्हणालो, "बाबा, मला वेगळं ठेवत्यात."

"कोण ठेवतं?"

"घरचे."

"हितं कोण घरचं ए तुझं?" तो म्हणाला. "धर. हात अवघडून राहिला माझा."

मी त्याच्या हातातून घेऊन खाल्ली. त्यानंतर त्याच्या भाकरीत माझा वाटा ठरलाच. बिचारा बरा होऊन गेला तेव्हा ती खाट रिकामी बघून मला फार वाईट वाटलं.

रक्त हळूहळू परत येतं. कुणी येऊन सांगत नाही. एक दिवस अवकाळी पाऊस पडल्यावर दवाखान्याच्या मातीच्या भिंतीचा वास आला, आणि ती खावीशी वाटली नाही. एक दिवस जिना चढून गेलो आणि वर गेल्यावर लक्षात आलं की मधे थांबलोच नाही. भाऊ एकदाचा आला, माझ्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं, आणि बाजारातून माझ्यासाठी बंद जोडा घेऊन आला. डाक्टरांनी सांगितलंच होतं, नंगे पाँव फिरे तो फिर लगते. मग मी त्या जोड्यात जुन्या छावणीच्या मैदानावर गेलो. आधी चाललो. मग पळालो. फार नाही, एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत. धाप लागली, पण ती जुनी, ओळखीची धाप होती.

त्या झाडाखाली बसलो असताना मला किसन आठवला. पांढरा पडून गेलेला. मग हरबा वस्ताद. त्यांच्या आधीचे. आमच्या गावच्या एकाही पळणाऱ्याचा दम चार-पाच वर्षांच्या वर टिकला नव्हता, आणि बाकीच्या गावांचे पळणारे तिशी उलटून पळत होते. आम्ही त्याला देवाची रीत म्हणत होतो. आणि आता त्या पांदीत सटवा पळत होता.

नाचता येईना

गावात आलो तो सरळ वस्तादांकडं गेलो. सगळं सांगितलं. किडे, पाय, ओली माती. म्हणालो, "वस्ताद, सटवाला पांदीत पळवू नका. माळावर पळवा. जोडा घालून पळवा."

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं. तुझा दम गेला तर आता पांदीला नावं ठेवून राहिला व्हय?"

"माझा दम परत आला, वस्ताद."

"मग त्या पोराच्या पायातला तोडा पायजे तुला. तसं बोल ना बराबर."

गावात हेच झालं. नामाला सटवाचं बघवत नाही. मी सटवालाही गाठलं. त्याच्या नखांकडं बघितलं. अजून तितकी पांढरी नव्हती, पण व्हायला लागली होती. तो हात मागे घेऊन म्हणाला, "वस्ताद रागावत्यात तुमच्याशी बोललं की." मी त्याला दोष देत नाही. त्याच्या वयात मी तरी काय केलं असतं.

घरी मायनं ये म्हटलं, पण ताट-तांब्या अजून वेगळाच होता. मी आखाड्यावरच राहिलो, आणि रोज सकाळी ऊन वर आल्यावर माळावर पळत राहिलो. जोड्यांचा आवाज मोठा यायचा. गुराखी हसायचे.

चैत्र आला. मला पाणी न्यायचा मान नव्हता, आणि जोडा घालून देवाचं पाणी नेताही आलं नसतं. पण मला कळायचं होतं, दम आला की नाही. सगळे पळणारे चंबू भरून निघाले, ते जरा लांब जाऊ दिले आणि मग मी मागून निघालो, रिकाम्या हातानं. अर्ध्या माळावर, जिथं मी बसलो होतो तिथं, सटवा उभा होता. गुडघ्यांवर हात, तोंड उघडं. मी थांबलो. तो म्हणाला, "जा, तुमी जा." मी गेलो. शेवटच्या चढावर सगळ्यांना मागं टाकलं आणि देवळाच्या पायऱ्यांशी सगळ्यांच्या आधी पोचलो.

कुणी बघितलं नाही. म्हणजे सगळ्यांनी बघितलं, पण बघितलं नाही असं केलं. मी जोडे काढून बाजूला उभा राहिलो. पिंडीवर घालायला माझ्याजवळ काही नव्हतं. मग दुसऱ्या गावाचा चंबू आला, घंटा वाजली, माणसं ओरडली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं पळणं मी पळालो होतो आणि ते सांगायला जगात एक माणूस नव्हतं. संध्याकाळी उलट बोलणं आलं, देवाच्या पाण्यापुढं कातड्याचे जोडे पळाले म्हणून आपलं पाणी मागं राहिलं.

बांधावर

त्यानंतर आठवड्याभरानं मी नांगरटीला बैल काढत होतो. ऊन चढलं होतं. बघतो तर बांधावर वस्ताद येऊन बसलेले. इतक्या दिवसांत आखाड्यावर ते कधी आले नव्हते. थोडं चालूनच त्यांना धाप लागली होती. पाणी मागितलं. मी म्हणालो, तांब्या माझाच ए. ते म्हणाले, "मग दुसऱ्याचा कुठून आणशीन?" आणि घटाघटा प्याले.

तांब्या बांधावर ठेवला. मग म्हणाले, "तो डाक्टर कवा बसतो?"

"सकाळीच. काहून?"

"सटवाला न्यायचंय. कालपून उठना झालाय पोरगा."

"नेऊ की. आत्ता निघू."

ते उठले नाहीत. त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढं धरले, उपडे. नखं पांढरी, पातळ, चमच्यासारखी मधे खोल गेलेली. मी कितीदा तरी ते हात बघितले होते. त्याच हातांनी त्यांनी मला पळायला शिकवलं होतं.

"माझं बी बघंल का तो?"

"बघंल. पण वस्ताद, तुमाला आता या वयात पळायचंय व्हय?"

माझ्या तोंडून थट्टेत गेलं. ते हसले नाहीत.

"पळायचं न्हाई रे. चोविसाव्या वर्षी बसलो तो बसलोच. लगीन केलं न्हाई, म्हणलं देवानंच नाकारलं तर कुणाच्या लेकीचं वाटोळं कशाला करा. किसनला बी म्याच सांगितलं, देवानं नेला म्हून. तुला बी सांगितलं." हात मागं घेत म्हणाले, "मरायच्या आधी तेवढं कळलं पायजे. देवानं नेला का किड्यानं."

मी बैल नांगराचे सोडले, गाडीला जुंपले आणि गाडी सटवाच्या दारात नेली. सटवाला त्याच्या मायनं आणून गाडीत झोपवलं. वस्ताद त्याच्या उशाशी चढून बसले, दोन्ही अनवाणी पाय वर घेतले आणि धोतराच्या सोग्याखाली झाकून घेतले.